दहा लाख रुपये आणि एक वाडी : आदिवासी कुटुंबांसाठीच्या संशोधनाला पहिल्यांदाच पैसे देताना

मित्राचा फोन आला. त्यांच्या कॉलेजच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्त दहा लाख रुपये जमले होते. "आदिवासी मुलांच्या कुपोषणावर कुणीतरी संशोधन करावं म्हणून द्यायचेत. कुणाला देऊ?" मी म्हटलं, "संशोधन कशाला? धान्य दे की." तो म्हणाला, "धान्य सगळेच देतात."

उत्तर वाईट नव्हतं, पण तेवढ्यावर दहा लाख देऊ नयेत. पुढे तीन-चार वेळा आमचं लांबलचक बोलणं झालं, त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितोय. मी काही वर्षं सर्वेक्षक म्हणून पाड्या-वाड्यांवर फिरलो आणि आता एका छोट्या कौटुंबिक न्यासाकडे येणारे प्रस्ताव वाचतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. उदाहरणं महाराष्ट्रातलीच देतोय, कारण माझं पाहणं तेवढंच आहे.

पहिली पायरी : संशोधन खरंच हवंय का?

वाडीतली विहीर फेब्रुवारीत आटते हे सगळ्यांना माहीत असेल, तर विहीर का आटते यावर ऐंशी पानी अहवाल काढायला पैसे देऊ नका. गाळ काढायला द्या. संशोधनाला पैसे द्यावेत ते तीन वेळा. कारण कुणालाच नीट ठाऊक नसतं तेव्हा. उपाय ठाऊक असतो, सरकारी योजनाही असते, तरी तो घरापर्यंत पोचत नाही आणि का ते कळत नाही, तेव्हा. आणि गावालाच स्वतःची नोंद हवी असते तेव्हा. उदाहरणार्थ सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाच्या मिळून कायदेशीर हक्काचा, दावा करायचाय, जंगलातून कोण काय आणतं आणि किती, याचा पुरावा हवाय.

तिसऱ्या प्रकाराकडे शहरातले देणगीदार फारसे बघत नाहीत. त्यांना त्यात 'संशोधन' दिसत नाही. मला विचाराल तर कमी पैशात सगळ्यात जास्त काम तिथेच होतं.

दुसरी पायरी : प्रश्न कुणाचा आहे ते शोधा

या पायरीवर घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून जरा थांबतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला. विषय शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता, निष्कर्षही मिळाले. पण रोग मुळातून बरा करणारं औषध हाताशी नव्हतं आणि लोकांच्या लेखी तो त्यांचा प्रश्नच नव्हता. हा प्रश्न आमच्या गरजेचा होता, लोकांच्या नव्हे, हे बंग दांपत्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलं आहे. नंतर त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यांतल्या बहुतेकींची तशी तपासणी आयुष्यात कधी झालीच नव्हती. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजुतीला त्यानं धक्का दिला. दुखणं बायकांना आधीपासून माहीत होतं. त्याला आकडा नव्हता, एवढंच.

गडचिरोलीतलंच दुसरं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. त्या घोषणेमागे काय होतं ते कमी सांगितलं जातं : गावाचा अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, जंगल, बांबू, मध अशा विषयांवर चर्चा करत. निर्णय घ्यायचा ग्रामसभेनं. अभ्यासगटाचं काम माहिती गोळा करून ती उलटसुलट तपासण्याचं. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. त्या अभ्यासगटाच्या बैठकांना कुणी 'संशोधन प्रकल्प' असं नाव दिलं नव्हतं.

म्हणून प्रस्ताव हातात आला की मी पहिला प्रश्न विचारतो : हे कोडं पहिल्यांदा कुणी, कुठे बसून घातलं? 'साहित्याचा आढावा घेताना एक त्रुटी आढळली' असं उत्तर आलं तर प्रस्ताव लगेच बाजूला ठेवत नाही, पण हात आखडता घेतो. 'अंगणवाडीच्या ओट्यावर बायका म्हणाल्या' असं आलं तर पुढे वाचतो. अर्थात ओट्यावरच्या बायकाही प्रस्तावात घुसडता येतात. मग तारीख विचारायची, किती जणी होत्या ते विचारायचं.

प्रश्न नक्की नसेल तर आधी तो शोधायलाच थोडे पैसे द्या. चाळीस-पन्नास हजारांत दोन-तीन वाड्यांवर चार-सहा बैठका होतात : जाणं-येणं, एक दुभाषी, चहा-जेवण आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याचं मानधन. हा खर्च 'वाया' जाऊ शकतो, आणि तो जाऊ द्यायची तयारी ठेवा. चुकीच्या प्रश्नावर दहा लाख घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

तिसरी पायरी : आधी काय झालंय ते पाहा

रायगडमधल्या एका कातकरी वाडीवर मी प्रश्नावली घेऊन गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दाराच्या चौकटीवर घराचा क्रमांक टाकायचा होता. खडू काढला तर चौकटीवर जागाच नव्हती. एक आकडा खडूचा, एक गेरूचा, एक निळ्या रंगाचा, वर अर्धवट निघालेलं एक स्टिकर. आतून आजी म्हणाली, "घाल तुझाबी." त्या घरात चार सर्वेक्षणं होऊन गेली होती, पाचवा मी. आधीच्या चारांचं पुढे काय झालं हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी गपचूप प्रश्न क्रमांक एक वाचला.

तुम्ही पैसे देताय तो सहावा आकडा ठरू नये. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिच्या ग्रंथालयात राज्यातल्या जमातींवरचे कितीतरी अभ्यास आहेत. विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध आता 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. अर्जदारानं हे चाळलं आहे का, ते विचारा; आणि एखादी सुट्टी काढून स्वतःही चाळा.

आकडेवारीबाबत एक खोच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर होती, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही तोच आकडा सगळीकडे फिरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९–२१ चे, जिल्हावार आकडे मिळतात, पण जिल्ह्याच्या त्या पत्रकात जमातवार काहीच नसतं. महादेव कोळी आणि कातकरी, किंवा गोंड आणि कोलाम यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो 'अनुसूचित जमाती' या एका रकान्यात पुसला जातो. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमाती. 'आदिवासींमध्ये अमुक टक्के' असं वाक्य प्रस्तावात दिसलं की विचारा : कुठले आदिवासी?

चौथी पायरी : पैसा कुणाच्या खात्यात जाणार?

ही कागदपत्रांची पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही.

संस्था न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी म्हणून नोंदलेली आहे का, आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) या नोंदण्या चालू आहेत का, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आहेत का, एवढं पाहा. देणगीवर करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका आणि देणगीचं १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत तुम्हाला नाहीच.

परदेशातल्या मराठी वाचकांनी इथे नीट लक्ष द्यावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे 'विदेशी योगदान' ठरत नाहीत. पासपोर्ट परदेशी झाला असेल, हातात ओसीआय कार्ड असलं तरी, ते विदेशी योगदान ठरतं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खात्यातून आलेले पैसेही तसेच. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच उतरतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला असे पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. म्हणजे 'पुण्याच्या मोठ्या संस्थेला देऊ, ती गावातल्या छोट्या संस्थेला देईल' हा जुना रस्ता बंद झाला. चांगल्या हेतूनं पाठवलेले पैसे चुकीच्या खात्यात आले तर गोत्यात ती छोटी संस्था येते, तुम्ही नाही.

कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) द्यायचं असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. कंपनीतल्या तुमच्या ओळखीच्या माणसाला एकच सांगा : एका आर्थिक वर्षाचा प्रकल्प करू नका. कायद्यात 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं घेता येतात. मार्चमध्ये घाईघाईनं खर्च संपवायला लावलेलं संशोधन कसं असतं ते मी पाहिलंय. त्यात छापील अहवाल फार सुंदर असतो.

विद्यापीठाला द्यायचं असेल तर जवळचं पाहा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्याला माडिया येण्याची शक्यता मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त. विद्यापीठाच्या खात्यातून पैसे हलायला वेळ लागतो, एवढं गृहीत धरा.

ग्रामसभेला थेट? पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामसभेचं स्वतःचं खातं असतं, ग्रामसभा कोष. राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गावानंच ठरवायचा) निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींकडे येतो, तो अशाच खात्यांत. बांबू-तेंदू स्वतः विकणाऱ्या ग्रामसभा तर लाखोंचे व्यवहार करतात. तेव्हा 'त्यांना हिशेब जमणार नाही' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. निदान स्थानिक संशोधकांचं मानधन ग्रामसभेच्या हातून जाईल, अशी सोय करता येते का ते विचारा.

पाचवी पायरी : अंदाजपत्रक वाचायला शिका

मित्राला मी कागदावर मांडून दाखवलेलं अंदाजपत्रक असं होतं. दहा लाख रुपये, दीड वर्ष, तीन वाड्या. माझा अंदाज आहे, साचा नाही.

वाडीतलेच दोन स्थानिक संशोधक, दरमहा बारा हजार, पंधरा महिने : ३ लाख ६० हजार. मुख्य अभ्यासक, अर्धवेळ : १ लाख ८० हजार. अनुवाद आणि प्रश्नावलीची चाचणी : ६० हजार. प्रवास आणि मुक्काम : ९० हजार. ग्रामसभेच्या बैठका आणि लोकांच्या वेळेचा मोबदला : १ लाख. तातडीची मदत : ६० हजार. निष्कर्ष गावात परत नेणं : ८० हजार. हिशेब, लेखापरीक्षण, नैतिकता समितीचं (संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीचं) शुल्क : ७० हजार.

यातल्या तीन रकान्यांवर मित्र अडला.

लोकांना पैसे कशाला? कारण दीड तासाच्या मुलाखतीत बाईचा अर्धा दिवस जातो. मुलाखत घेणाऱ्याला पगार आहे, विश्लेषण करणाऱ्याला आहे, लेखापालाला आहे; ज्याच्या आयुष्यावर हा डोलारा उभा आहे त्यालाच तेवढी समाजसेवा! रक्कम एवढी मोठीही नको की नाही म्हणणं अवघड होईल. त्या दिवसाची बुडालेली मजुरी, एवढंच माप ठेवा, आणि दर ग्रामसभेलाच ठरवू द्या.

तातडीची मदत म्हणजे काय? तुमचा माणूस मुलाच्या दंडाला पट्टी लावतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित. आता काय, रकान्यात आकडा लिहून पुढच्या घरी? त्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला गाडी लागते, आईला तिथे दोन आठवडे राहायचं तर तिच्या मजुरीचं आणि घरी राहिलेल्या थोरल्या पोरांचं बघावं लागतं. हा रकाना नसलेला कुपोषणाचा प्रस्ताव मी परत पाठवतो.

आणि अनुवाद. मित्राचा समज असा की महाराष्ट्रात सगळे मराठी समजतात. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. गोंडी, माडिया, कोलामी द्राविडी कुळातल्या. नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिलीच्या कितीतरी तऱ्हा. 'गेल्या दोन आठवड्यांत मुलाला श्वसनाचा त्रास झाला का?' हे पुण्यातल्या बाईलाही अर्धवटच कळतं. बायका ज्या शब्दानं ते दुखणं ओळखतात तो शब्द आधी शोधावा लागतो. प्रश्न एकानं मराठीतून त्या भाषेत नेला की दुसऱ्यानं तो न बघता परत मराठीत आणायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. ६० हजार कमीच आहेत.

साधनांचंही तसंच. 'सर्च'नं मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं तेव्हा फारसं आकडेज्ञान नसलेल्या दायांना श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवत मोजायचं, पाटीसारखं साधन बनवलं. अशा गोष्टीला अंदाजपत्रकात जागा असावी लागते, आणि ती कुठल्या रकान्यात बसेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून दहा टक्के इकडचे तिकडे करायची मुभा लेखी द्या.

सहावी पायरी : कॅलेंडर

तुमचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, वाडीचं नाही. रायगड-ठाण्यातले कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. नंदुरबारचे कितीतरी लोक ऊसतोडीला गुजरातेत असतात आणि होळीला गाव भरतं. मेळघाटातही कोरकूंची होळी चुकवून कुणी बाहेर राहायला बघत नाही. गडचिरोलीत मार्च-एप्रिल मोहाचा, मे महिना तेंदूपत्त्याचा. जुलैत भाताच्या पट्ट्यात लावणी.

जानेवारीत मंजुरी देऊन मार्चअखेर 'सर्वेक्षण पूर्ण' मागितलंत, तर वाडीवर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. आणि मग अहवालात येईल, 'प्रतिसाद अल्प'.

सातवी पायरी : संमती कुणाची?

तीन ठिकाणची लागते आणि एकीनं दुसरीचं काम भागत नाही. माणसाची स्वतःची, गावाची आणि नैतिकता समितीची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आदिवासींवरच्या संशोधनासाठी वेगळा भाग आहे. समाजाच्या मुखियांशी बोलणं त्यात आहेच, पण त्यामुळे व्यक्तीची संमती टळत नाही. आरोग्याच्या विषयात परदेशी भागीदार असेल तर केंद्र सरकारच्या तपासणी समितीची मान्यताही लागते.

गावाची संमती म्हणजे कुठल्या गावाची? इथे बरेच फसतात. गट ग्रामपंचायतीत सात-आठ वाड्या असतात. सरपंचांच्या कार्यालयातून ठराव तासाभरात मिळतो आणि ज्या वाडीवर काम करायचं तिथे कुणाला पत्ताच नसतो. पेसाच्या २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता घेऊन स्वतःची ग्रामसभा भरवता येते. ठरावाची प्रत मागा, तारीख बघा, खाली अंगठे आणि सह्या किती, त्यांत बायका किती ते मोजा.

रक्ताच्या नमुन्यांबाबत दुप्पट सावध राहा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांचं रक्त १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं गेलं आणि पुढे त्यांना न सांगता स्किझोफ्रेनिया, त्यांचं मूळ स्थलांतर अशा अभ्यासांना वापरलं गेलं. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या व्यवस्थापनाला भरपाई द्यावी लागली, उरलेले नमुने परत करावे लागले. आपल्याकडेही सिकलसेलच्या तपासण्यांमुळे 'पुन्हा रक्त?' असं लोक विचारतातच. करारात लिहून घ्या : नमुना कशासाठी, कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार.

झाडपाल्याच्या औषधांची माहिती गोळा करायची असेल तर वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(के) वाचा. जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क त्यात मान्य केलेला आहे. 'आम्ही फक्त नोंद करतोय' हे पुरेसं नाही. ती नोंद कुणाच्या कपाटात राहणार, हा प्रश्न आहे.

आठवी पायरी : हप्ते, अहवाल आणि तुमची भेट

तीन हप्ते पुरेत. पहिला सुरुवातीला, आणि तो मोठा असू द्या, चाळीस टक्क्यांच्या आसपास. छोट्या संस्थेकडे पदरचे पैसे नसतात. दर तीन महिन्यांनी दोन पानी मराठी पत्र मागा. इंग्रजीतला सजवलेला अहवाल मागितलात तर वाडीत जायचा माणूस तालुक्याला बसून टंकन करेल.

अहवालात काय चुकलं याला एक परिच्छेद राखून ठेवा आणि त्यावरून पैसे कापणार नाही, असं आधीच कबूल करा. एका देणगीदारानं (नाव राहू दे) आमच्याकडे एकदा आकडे 'थोडे आशादायक' करून मागितले होते. आम्ही दिले नाहीत. दुसरा हप्ता आलाच नाही.

भेटीला जा, पण वर्षातून एकदा आणि चौघांच्या वर नको. खाऊ वाटू नका. मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि उघड्या अंगाच्या मुलाचा तर विचारूनही नको. रात्री वाडीवर मुक्काम केलात तर दिवसाच्या बैठकीत न निघालेलं बोलणं निघतं.

नववी पायरी : उत्तर वाडीवर परत कसं जाणार?

८० हजारांचा तो रकाना याचा. मुख्य निष्कर्ष ग्रामसभेत, लोकांच्या भाषेत, छापण्याच्या आधी मांडायचे. लोक हरकत घेतात, कधी हसतात, कधी सांगतात की हा आकडा अमक्या पाड्यामुळे फुगलाय. ते सगळं अहवालात जायला हवं. कच्ची माहिती, नावं काढून, ग्रामसभेकडे एक प्रत. आशाताई आणि अंगणवाडीताईंसाठी चार पानांची पुस्तिका. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला एक निवेदन, ज्यावर ग्रामसभेचा शिक्का.

आणि परिणाम कधी दिसेल म्हणून विचाराल, तर गडचिरोलीकडेच बघा. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग 'सर्च'नं ३९ गावांत केला. त्यासाठीची आधारभूत मोजणी १९९३ पासून सुरू झाली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं, ते 'लॅन्सेट'मध्ये आलं १९९९ साली, आणि आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर लागू झाली २०११ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं. तुमचे दहा लाख यातल्या एखाद्या दीड वर्षाला लागतील.

मित्राच्या बॅचनं पन्नास हजार वेगळे काढून आधी प्रश्न शोधायला दिले, रायगडमधल्या तीन कातकरी वाड्यांवर. पावसाळ्यात बैठका झाल्या, कारण तेव्हाच माणसं घरी असतात. कुपोषणावर बोलायला गेलेल्या मुलीला तिसऱ्या बैठकीत एक बाई म्हणाली, "इथं अंगणवाडीत वजन घेता, ते भरतं. भट्टीवर सात महिने पोर असतंय, तिथं कोण घेतं?" इतिवृत्तात ते वाक्य तसंच लिहिलंय.

प्रश्न बदलला, तशी अंदाजपत्रकाची घडी विस्कटली. आता स्थानिक संशोधकांना वाडीवर बसून चालणार नाही. भट्ट्या दोन-तीन तालुक्यांत पसरलेल्या, मोटारसायकल लागणार, भट्टीमालकाची परवानगी लागणार, अंगणवाडीच्या नोंदी दोन ठिकाणच्या जुळवाव्या लागणार. प्रवासाचा रकाना ९० हजारांवरून दीड लाखावर गेलाय आणि वरचे ६० हजार कुठून काढायचे यावर बॅचच्या ग्रुपवर दोन आठवडे वाद चाललाय. अनुवादातून घ्या, कातकऱ्यांना मराठी येतं, असं एकाचं म्हणणं. मी मुख्य अभ्यासकाच्या मानधनाकडे बोट दाखवलं, तर अभ्यासक माझ्याशी बोलेनासे झालेत. दिवाळीच्या आत ठरायला हवं. नंतर वाडी रिकामी.